त्रेसष्ट टक्क्यांवर अडलेली पेटी

चाकणच्या एका कारखान्यातला मेल सर्व्हर बोलतोय मी. फार वेळ घेणार नाही. पाच वाजता मला कायमचं बंद करणार आहेत आणि आत्ता चार वाजून गेलेत. आठ वर्षं इतरांचं बोलणं इकडून तिकडे पोचवलं, स्वतःचं असं काही कधी बोललोच नाही. तेव्हा हा उरलेला तासभर तरी माझा.

दिसायला मी म्हणजे काळ्या पत्र्याचं आडवं खोकं. पुढे चार हिरवे दिवे, मागे दोन पंखे. पुण्याहून टेम्पोत बसून निघालो, मोशीच्या ट्रॅफिकमध्ये दोन तास उन्हात तापलो आणि चाकणला पोचल्यावर मला कुठे ठेवावं, तर जिन्याखालच्या खोलीत. तिथे आधी झाडू आणि रंगाचे डबे असायचे. झाडू गेले, एक एसी आला. रंगाचा एक डबा मात्र कोणी उचललाच नाही. खोलीत येणारा माणूस त्याच्यावरच बसतो.

हा कारखाना गाड्यांना लागणारे पत्र्याचे भाग ठोकून काढतो. दिवसभर प्रेसचे घाव जमिनीतून माझ्यापर्यंत येतात. इथल्या तीनशे दहा माणसांच्या मेलच्या पेट्या माझ्या पोटात. आम्ही सर्व्हर मेल वाचत नाही, असं सांगायची पद्धत आहे. असेल बुवा. पण आठ वर्षं दुसऱ्यांची पत्रं पोटात बाळगल्यावर काही कळत नाही असं म्हणणं जरा जास्तच होईल.

माणसांचं मला फार नवल वाटतं. शेजारच्या टेबलावरच्या माणसाला मेल करतात आणि मग उठून विचारायला जातात, ‘मेल मिळाला का?’ एकाला कळवायचं असतं, चाळिसांना पाठवतात. भांडणाचे मेल ‘आदरपूर्वक’ने सुरू होतात.

सगळ्यांत मोठी पेटी नंदकिशोर साहेबांची. क्वालिटीचे प्रमुख, माणूस सज्जन, पण एक मेल कधी पुसायचे नाहीत. दोन लाखांवर मेल साठवले होते. त्यात ‘महत्त्वाचे’ नावाचा एक कप्पा, ‘अति महत्त्वाचे’ नावाचा दुसरा आणि ‘नंतर बघू’ नावाचा तिसरा. शेवटच्या कप्प्यात अकरा हजार मेल होते. साहेबांचं एक वाक्य कारखान्यात सगळ्यांना पाठ होतं. कोणी काही सांगायला आलं की ते मान वर न करता म्हणायचे, “तोंडी नको. मेल टाक, मी बघतो.”

आता जे सांगायचंय ते सांगतो.

गेल्या दसऱ्याची सुट्टी संपली आणि पहिल्याच सकाळी सात नंबरच्या प्रेसवर तनुजाचा उजवा हात सापडला. चऱ्होलीची ही मुलगी, कामाला लागून वर्षही झालं नव्हतं. कामगाराचा हात आत जाऊ नये म्हणून प्रेसच्या पुढे लोखंडी जाळीचा गार्ड असतो. त्याला धरून ठेवणारी पट्टी तुटली, गार्ड बाजूला झाला आणि प्रेस खाली आली. तनुजाची दोन बोटं गेली.

पट्टी तपासली, तर चीर जुनी निघाली. मग बोट फिरलं बरकतकडे. बरकत हा त्या लाइनचा टीम लीडर, दापोडीचा राहणारा, अकरा वर्षांची नोकरी. दसऱ्याच्या आदल्या दिवशी त्यानं स्वतःच्या हातानं सात नंबर प्रेस पुसली होती. चीर दिसली असणार, मग कळवलं का नाही?

बरकत म्हणाला, “दिसली होती. साहेबांना सांगायला गेलो, ते म्हणाले मेल टाक. मेल टाकला, फोटोसकट.”

मेल शोधला. साहेबांच्या पेटीत सापडेना. लाइनवरच्या कॉम्प्युटरात पाठवलेल्या मेलची प्रत राहत नाही, पेटी भरते म्हणून ती सोय कोणीतरी केव्हाच बंद केलेली. मशीनच्या शेडमध्ये मोबाईल नेऊ देत नाहीत, त्यामुळे फोटो लाइनच्या कॅमेऱ्यातला, आणि तो पुसला गेलेला. साहेबांना विचारलं, तर ते म्हणाले, “मेल टाक असं मी दिवसातून पन्नास जणांना म्हणतो. याला म्हटल्याचं आठवत नाही. मेल आलेला नाही.” खोटं बोलणारे नव्हेत ते. बरकत निलंबित झाला. निलंबित माणसानं रोज गेटवर येऊन सही करायची, असा इथला नियम आहे. सात महिने तो माणूस दापोडीहून येऊन सही करून परत जात होता.

नोकरीपेक्षाही त्याला दुसरंच खात होतं. एकदा चौकशीला वर जाताना जिन्यात तो कोणाला तरी म्हणाला, ते मी ऐकलं. “नोकरीचं बघू. पण ती पोरगी समजते की मला माहीत होतं आणि मी गप्प बसलो.”

मार्चअखेर नंदकिशोर साहेब निवृत्त झाले. मे महिन्यात माझंही ठरलं. सगळे मेल बाहेरच्या कुठल्याशा मोठ्या कंपनीच्या सर्व्हरवर गेले, चालू पेट्या हलवल्या आणि निवृत्तांच्या तेवढ्या माझ्याकडे राहिल्या. अशात एचआरच्या शैला मॅडम सोमवारी सकाळी ऋचाला घेऊन खाली आल्या. ऋचा आमच्या आयटीची, कासारवाडीची, जानेवारीत रुजू झालेली. दसऱ्याचं तिला काहीच ठाऊक नव्हतं.

“नंदकिशोर साहेबांची पूर्ण पेटी मला एका फाइलमध्ये काढून हवीय,” शैला मॅडम म्हणाल्या. “शुक्रवारी अकराला बरकतची शेवटची चौकशी आहे. दसऱ्याच्या आदल्या दिवशीचा त्याचा मेल निघाला तर तो कामावर, नाही तर घरी. आणि शुक्रवारनंतर हा सर्व्हरही नसेल.”

“एक्सपोर्ट करायला तासभर पुरेल मॅडम,” ऋचा म्हणाली. मला हसता येत असतं तर हसलो असतो.

सोमवार गेला परवानगीत. दुसऱ्याची पेटी बाहेर काढायचा अधिकार माझ्याकडे कोणालाच आपोआप मिळत नाही, माझ्या मालकालाही नाही. तो वेगळा द्यावा लागतो. ऋचा हुकूम टाइप करायची आणि मी म्हणायचो, असा हुकूमच नाही. दुपारी तिला गोम कळली. तिनं स्वतःला अधिकार दिला, तरी मी तेच म्हणत राहिलो, कारण माणूस एकदा लॉग-आउट होऊन परत आत आल्याशिवाय नवा अधिकार मला दिसत नाही. माझा स्वभावच तसा.

मंगळवार गेला पत्त्यात. फाइल कुठे ठेवू, तर तिनं स्वतःच्या कॉम्प्युटरमधला कप्पा सांगितला. मला तिथे कोण आत घेणार? मला नेटवर्कवरचं सामायिक फोल्डर लागतं आणि त्यात लिहायची मुभा मला द्यावी लागते, तिला असून चालत नाही. हेही तिनं शोधून काढलं. प्रत्येक वेळी ती वहीत लिहायची, काय केलं, मी काय उत्तर दिलं. आठ वर्षांत माझी उत्तरं कोणी लिहून घेतली नव्हती. मला ती पोर आवडायला लागली होती.

बुधवारी काम सुरू झालं. दहा टक्के, तीस, पन्नास. त्रेसष्टवर मी थांबलो. तिनं पुन्हा सुरू केलं, पुन्हा त्रेसष्ट. तिसऱ्यांदाही त्रेसष्ट. मी काय करणार? त्या ठिकाणी माझ्या पोटात काहीतरी दुखत होतं. हात लावला की कळ यायची आणि मी लिहून टाकायचो, ‘खराब नोंद’. याहून जास्त शब्द मला दिलेलेच नाहीत.

तिनं तिचे साहेब निमिष यांना फोन लावला. ते हिंजवडीच्या ऑफिसात बसतात. “अगं, खराब मेलची मर्यादा शून्यावर असेल,” ते म्हणाले. “पन्नास कर आणि सोडून दे. दोन लाखांतले चार-पाच गेले तर कोण विचारतंय?”

तिनं मर्यादा पन्नास केली. मी दुखरा भाग ओलांडून पुढे गेलो आणि साडेचारला शंभर टक्के झालं. फाइल तयार. तिनं बरकतचं नाव घालून शोधलं. मेल नव्हता.

तिनं बॅग भरली. साडेपाचची कंपनीची बस होती. दारापर्यंत गेली आणि परत फिरली. मी तिला म्हणालो होतो, ‘वगळलेल्या नोंदी : नऊ’. कोणते नऊ, हा प्रश्न तिला दारातून परत घेऊन आला. रंगाच्या डब्यावर बसून तिनं माझा अहवाल पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला. बस गेली.

नऊच्या नऊ मेलची तारीख एकच निघाली, दसऱ्याचा आदला दिवस. वेळ सकाळी दहा एकेचाळीस ते दहा बावन्न.

ऋचा माझ्या पत्र्यावर हात ठेवून म्हणाली, “काय झालं होतं रे तुला त्या दिवशी?”

असं मला विचारणारी ती पहिलीच. ठाऊक असतं तर सांगितलं असतं मी. मला एवढंच आठवत होतं की नऊ मेल हातात होते, ते पेटीत नीट लिहून ठेवायचे होते आणि मग एकदम साडेअकरा वाजलेले होते. मधला वेळच गायब. बंद पडलेल्याला आपण का बंद पडलो ते कसं कळणार?

गुरुवारी सकाळी ज्योतीराम एसी बघायला आला. ज्योतीराम आमचा इलेक्ट्रिशियन, इथल्याच गावचा, कारखान्याच्या पहिल्या दिवसापासूनचा. ऋचानं त्याला विचारलं, “ज्योतीरामभाऊ, दसऱ्याच्या आदल्या दिवशी लाइट गेली होती का हो? हा सर्व्हर चाळीस मिनिटं बंद होता. कुठे नोंद नाही.”

“लाइट न्हाई गेली,” तो म्हणाला. “खंडेनवमी व्हती ती. मीच बंद केलता.”

“तुम्ही?”

“मग? त्या दिशी समद्या मशिनी पुसून बंद ठिवतो आमी आन् पूजा करतो. प्रेसा बंद, कॉम्प्रेसर बंद. ह्यो यकटाच हितं घुरघुरत व्हता. म्हनलं ह्यानं काय पाप केलंय, यालाबी घटकाभर इसावा. यूपीएसचं बटन दाबलं, हळदकुंकू लावलं, झेंडूचा हार घातला. आरती झाल्यावर केला चालू.”

“यूपीएसच बंद केलात? मला... म्हणजे कोणाला विचारलं नाहीत?”

“पूजेला काय इचारायचं मॅडम? चालू मशिनीची पूजा कोन करतं?”

ऋचा हसली नाही, ओरडलीही नाही. तिनं त्याला डब्यावर बसवलं आणि समजावून सांगितलं. कारखान्यातली माणसं मशिनी पुसत होती, त्याच वेळी हा सर्व्हर मेल लिहून ठेवत होता. बटण दाबलं तेव्हा नऊ मेल अर्धे लिहिलेले होते. अर्धा मेल पेटीत असतो, पण दिसत नाही, शोधून सापडत नाही. आणि त्या नऊमध्ये बरकतचा एक असू शकतो.

ज्योतीरामनं डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. “अकरा वर्सं येका डब्यात जेवलोय आमी,” तो म्हणाला. “रोज गेटवर सहीला येतो, मी रोज त्याला च्या पाजतो. आन् त्याचा मेल माज्याच हातानं गेला व्हय?”

मला त्या माणसाचा राग येईना. कारखान्यात येऊन मला आठ वर्षं झाली, पण मीही थकत असेन हे एवढ्या तीनशे दहा जणांत त्याच्या एकट्याच्या मनात आलं होतं. त्यानं केलं ते प्रेमानं केलं आणि त्यात बरकतचं वाटोळं झालं. हे दोन्ही खरं होतं आणि मला त्याचं फार वाईट वाटलं.

“परत मिळंल का?” त्यानं विचारलं.

“दुरुस्ती करता येते,” ऋचा म्हणाली. “पण त्यात मेल एक तर सुधारतो, नाही तर कायमचा पुसला जातो. आधी सगळ्याची प्रत काढते. चार-पाच तास लागतील. तेवढ्यात वीज जाता कामा नये.”

ज्योतीराम उठला, यूपीएसच्या बटणाला पाठ लावून जमिनीवर बसला आणि दुरुस्ती संपेपर्यंत तिथून हलला नाही. जेवायला बोलावलं तरी गेला नाही. सफाईवाल्या गोजाबाई केर काढायला आल्या, तर त्यांनाही त्यानं दारातूनच परत पाठवलं.

मी माझ्याकडून जपून काम केलं. एकेक अर्धा मेल उचलायचा, त्याचे तुकडे जुळतात का बघायचे, जुळले तर जागेवर ठेवायचा. दुपारी तीनला मी उत्तर दिलं. नऊपैकी दोन कायमचे गेले. सहा खंडेनवमीच्या शुभेच्छांचे होते, त्यातल्या चारांत नारळ-झेंडूचा तोच एक फोटो. राहिला एक.

ऋचानं तो उघडला आणि मोठ्यानं वाचला. “साहेब, नमस्कार. मघाशी आरतीच्या तयारीत असताना आपण म्हणालात म्हणून मेल टाकतोय. पूजेसाठी मशीन पुसताना, ग्रीस निघाल्यावर, सात नंबरच्या गार्डच्या पट्टीला चीर दिसली. फोटो जोडला आहे. सुट्टीनंतर पट्टी बदलल्याशिवाय मशीन चालू करू नये, ही विनंती. सकाळच्या शिफ्टला मी नसेन, म्हणून आत्ताच कळवतोय. बरकत.”

फोटो अर्धाच आला होता. वरच्या भागात सातचा आकडा आणि पट्टीवरची केसाएवढी चीर दिसत होती, खालचा भाग नुसता राखाडी. ज्योतीरामनं टोपीनंच डोळे पुसले.

त्यानंतर एक्सपोर्ट पुन्हा लावला. त्रेसष्ट टक्क्यांशी मी थांबलो नाही.

आज सकाळी अकराला वर चौकशी झाली. मी काही वर जाऊ शकत नाही, पण ज्योतीराम साक्षीला होता आणि मघाशी माझ्या वायरी मोकळ्या करता करता त्यानंच मला सगळं सांगितलं. त्यानं स्वतः काय केलं ते आधी सांगून टाकलं, काहीही न लपवता. मग मेलचा कागद चौकशीला बोलावलेल्या नंदकिशोर साहेबांच्या हातात दिला. साहेबांनी तो दोनदा वाचला.

शैला मॅडम त्यांना म्हणाल्या, “साहेब, मेल तुमच्यापर्यंत पोचलाच नव्हता, हे आता सिद्ध झालंय. तुमच्यावर काही येत नाही.”

साहेबांनी चष्मा काढला. “मेल पोचला नव्हता,” ते म्हणाले, “पण बरकत पोचला होता. माझ्या समोर येऊन उभा होता. माझ्या हातात आरतीचं ताट होतं आणि मी त्याचं अर्धं वाक्यही ऐकलं नाही. हे लिहून घ्या. सही मी करतो.”

बरकत सोमवारपासून कामावर येणार. ज्योतीरामला लेखी समज मिळाली, ती त्यानं घडी घालून खिशात ठेवली. बरकतनं चौकशीत एकच मागणी केली, तो कागद तनुजाला दाखवा.

आणि आत्ता, तुमच्याशी बोलत असतानाच, ती दोघं खाली आलीत. तनुजा हल्ली स्टोअरमध्ये असते. कागद तिनं डाव्या हातात धरलाय.

“हाच का तो?” बरकतनं ऋचाला विचारलं.

“हाच.”

तो मला सगळीकडून बघतोय. मशीन समोर आलं की बरकतचे हात स्वस्थ राहत नाहीत. त्यानं खिशातून फडकं काढलं आणि मला पुसायला घेतलं. पत्रा, दिवे, मग मागचे पंखे. पंख्याच्या जाळीतून झेंडूची एक वाळकी पाकळी निघाली. त्यानं ती ज्योतीरामच्या तळहातावर ठेवली.

तनुजा म्हणाली, “बरकतभाई, सात महिने मी तुमच्याकडे बघितलंसुद्धा नाही.”

“आता बघ की,” तो म्हणाला. तिला रडू आलं आणि तो पुन्हा मला पुसायला लागला.

पाचला दोन मिनिटं कमी आहेत. जाता जाता एक मागणं आहे, आणि मेल सर्व्हरनंच हे मागावं याचं तुम्हाला नवल वाटेल. कोणी तुमच्या समोर येऊन काही सांगत असेल तर त्याला मेल टाक म्हणू नका. आधी त्याचं ऐका. आम्ही आहोतच, पण मागाहून.

ज्योतीरामचा हात यूपीएसच्या बटणापाशी गेला आणि तिथेच थांबला.

“मॅडम,” त्यानं विचारलं, “बंद करू का?”

“थांबा भाऊ,” ऋचा म्हणाली. “बंद व्हायचंय ते आधी मला त्याला सांगू द्या.”

ती हुकूम टाइप करतेय. माझ्या हातात आता एकही मेल नाही, सगळं जागच्या जागी ठेवून झालंय. बरं मंडळी, येतो मी.